रविवारची गोळी

"कधी घ्यायची? परत सांगा बघू."

गोळ्यांची स्ट्रिप गिऱ्हाइकाच्या हातात दिली तरी ते तिचं दुसरं टोक सोडत नसत. कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीखालच्या मेडिकलमध्ये ते पगारी फार्मासिस्ट होते. तुम्ही घाईत असा, फोनवर असा, "सकाळी एक, जेवणानंतर" असं म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नसे. रक्तदाबाची तीच गोळी मी सहा वर्षं घेतोय, पण मलाही सूट नव्हती. मी चिडायचो. "काका, पाठ आहे हो मला."

"पाठ असतं तिथेच चुकतं," ते म्हणायचे.

वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. स्ट्रिपवर मार्करने एक उभी रेघ म्हणजे रोज सकाळी, दोन रेघा म्हणजे सकाळ-रात्र. गावठाणातल्या म्हाताऱ्या त्या रेघांवर डोळे मिटून विश्वास ठेवत.

मी विमा एजंट. दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. दुकानाचा विमा मालकाला वाचवतो, तुम्हाला नाही. चुकीच्या औषधाबद्दल तुमच्यावर दावा झाला तर सांभाळून घेणारी पॉलिसी तुमच्या नावावर हवी, हे काउंटरवर उभ्याउभ्या त्यांना किती वेळा ऐकवलं असेल. ते हसत. "विमेवाले, मी चुकायची वाट बघताय होय?"

मग एका दुपारी ते पांढऱ्या कोटातच माझ्या ऑफिसात आले. पाणी दिलं, तर ग्लास तसाच हातात राहिला. "पॉलिसी आजच्या आज मिळेल?"

मला आनंद झाला, हे कबूल करतो. तीन पत्रकं टेबलावर मांडली आणि कुठली स्वस्त, कुठली वकील देते, कुठली मागच्या कामाचीही जबाबदारी घेते, हे रंगात येऊन सांगत सुटलो. ते निम्मं ऐकतच नव्हते. तिसऱ्या पत्रकावर बोट ठेवून म्हणाले, "मागच्या म्हणजे, आठ दिवसांपूर्वीच्या पण?"

तेव्हा कुठे मी पत्रकं बाजूला सारली.

त्यांनी सांगितलं ते असं. सांधेदुखीची एक गोळी असते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष. तिच्या स्ट्रिपवर ते रेघ न मारता मोठा गोल काढत. गोल म्हणजे फक्त रविवारी. आठ दिवसांपूर्वी गावठाणातली एक मावशी ती गोळी घेऊन गेली. काउंटरवर गर्दी होती, मालक मागून "आटपा" म्हणत होता आणि हात सवयीने चालला. गोलाऐवजी रेघ मारली गेली. 'परत सांगा बघू' तेवढं त्या दिवशी म्हणायचं राहिलं. आज सकाळी दुसऱ्या कोणासाठी तोच गोल काढताना त्यांना ती रेघ आठवली. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "गप्प बसा. आधी स्वतःचा विमा काढा, मग बघू."

"मुलगी बारावीला आहे हो," ते म्हणाले. "माझं रजिस्ट्रेशन गेलं तर आम्ही कुठे जायचं? काहीतरी करा."

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. ज्यातून दावा होऊ शकेल अशी एखादी घटना तुम्हाला माहीत आहे का? 'होय' म्हटलं की पॉलिसी विसरा. मी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणालो, "'नाही'वर खूण करा. कोण बघायला येतंय?"

त्यांनी पेन त्या चौकोनावर टेकवलं. मग मान वर करून, रागाने नाही, सवयीनेच त्यांनी विचारलं, "काय करू? परत सांगा बघू."

मला परत सांगता आलं नाही. पहिल्यांदा सांगता आलं, याचीच आज लाज वाटते.

त्यांनी 'होय'वर खूण केली आणि उठले. मीही मागोमाग निघालो. मावशीचं नाव ठाऊक नव्हतं. हिरवं लुगडं आणि वाकलेला गुडघा एवढ्यावर आम्ही गावठाणात दारोदार विचारत फिरलो. शेवटी एका दारात तिचा मुलगा भेटला.

"आई आतमंदी हाय. तोंड आलाय तिचा, पानी पन जात नाय. तुमी कोन?"

मी 'ओळखीचे' म्हणणार होतो.

"मेडिकलवाला," ते म्हणाले. "चूक माझी आहे. गोळ्या बंद करा आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला."

मावशी आत पडून होती. उशाशी स्ट्रिप, आठ गोळ्या संपलेल्या. त्यांना ओळखून ती सुजलेल्या तोंडाने कसंबसं म्हणाली, "एक बी चुकवली नाय."

त्यांनी मुलाच्या मदतीने तिला उचललं आणि आम्ही रिक्षाने हॉस्पिटल गाठलं.

सहाव्या दिवशी ती गेली. सहाही दिवस ते हॉस्पिटलच्या जिन्यात बसून होते. मुलाने तक्रार केली, करणारच. चौकशीत त्यांनी वकील न घेता सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि रजिस्ट्रेशन गेलं. मग त्यांनी खोली सोडली. फोन बंद लागतो. मुलगी परीक्षेला बसली की नाही, तेही मला कळलेलं नाही. तो फॉर्म अजून माझ्या खणात आहे.

मेडिकल चालू आहे. नवा माणूस चटपटीत आहे, स्ट्रिप सरकवतो आणि वळतो. मी काउंटरवरून हलत नाही.

"अजून काय, अंकल?"

"सकाळी एक, जेवणानंतर," मी म्हणतो. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत असतो.