आतड्याची अक्कल

दशरथ परब अंधेरीच्या एका मेडिकल कॉलेजात लॅब अटेंडंट होता. बारा वर्षं एकच काम: गिनीपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा क्षारांच्या कोमट पाण्यात टांगायचा, पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे आणि विद्यार्थ्यांची वाट बघायची. तुकडा आपोआप हलायचा. का हलतो, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

१९८४ साली डॉक्टर अनुपमा सबनीस तिथे संशोधनाला आल्या. एका सकाळी त्यांनी आतड्याचा लांब तुकडा पाण्यात ठेवून एका तोंडात मेणाची गोळी सरकवली. गोळीच्या मागे आतडं आवळलं, पुढे सैल झालं, आणि गोळी सरकत सरकत दुसऱ्या तोंडातून बाहेर पडली. बाईंनी ती परत ठेवली. परत तेच.

"मॅडम, ह्याला सांगतं कोण?" दशरथने विचारलं. "मेंदू तर नाही इथे."

"कोणीच नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं जाळं असतं. पाठीच्या कण्यात असतात जवळजवळ तितक्या पेशी. ते आपलं आपण ठरवतं."

दशरथ स्टुलावर बसला. त्याची बायको कमळ आठ वर्षं पोटदुखीने कळवळत होती. एक्स-रे, दुर्बीण, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले होते, मनाचे खेळ आहेत. हळूहळू दशरथही तसंच म्हणायला लागला होता. जखम नसताना हे जाळं दुखू शकतं का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, तेच तर शोधतेय.

पुढच्या महिन्यात कमळ त्यांच्या तपासणीला आली. नळीने आतड्यात छोटा फुगा सोडून तो हळूहळू फुगवायचा. किती हवा भरली ते तिला दिसत नव्हतं. दशरथ बाहेर उभा होता. बाई कागद घेऊन आल्या. इतर बायकांना जितक्या हवेला दुखायचं, त्याच्या निम्म्याच हवेला कमळला कळ येत होती. तीनदा बघितलं, तीनदा तिथेच.

साडी सारखी करत कमळ बाहेर आली. "म्हणजे माझां दुखणां खोटां नाय मगे?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यावरचं औषध अजून माझ्याकडे नाही."

कमळला ते हलणारं आतडं बघायचं होतं. दशरथने तुकडा टांगला. दोघं काचेजवळ वाकून उभी राहिली. त्याने हळूच तिची माफी मागितली.

"गप ऱ्हवा," ती म्हणाली. "बघा तरी, कसां हलतांहा."

दुखणं पुढेही येत राहिलं. आलं की दशरथ स्टोव्ह पेटवून पाणी गरम करायचा, पिशवी तिच्या पोटावर ठेवायचा आणि कळ ओसरेपर्यंत बाजूला बसून राहायचा.