प्लस-मायनस पाच मिलिमीटरचा पेरू

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी सकाळी दहा वाजता आमच्या अंगणातला पेरू पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत होता. दुपारी साडेचार वाजता तो माझ्या कमरेपर्यंत होता. मधल्या काळात वादळ आलं नाही, वीज पडली नाही. मधल्या काळात मी होतो.

गुरुवार म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी. चाकणला कंपनीत मी क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी मन लावून बनवलेले पार्ट मोजायचे आणि ‘चालणार नाही’ म्हणून परत पाठवायचे, हे बावीस वर्षं माझं काम. (माझ्या स्वभावाला ते अगदी शोभतं असं बायको म्हणते. कौतुकानं म्हणत नाही.) निगडीतलं आमचं अंगण म्हणजे चार पावलं. त्यात हा पेरू असा माजला होता की गेट अर्धंच उघडायचं आणि पाहुणे आडवे होऊन आत यायचे.

पण पेरू साधा नव्हता. बायकोच्या माहेरच्या, दिघीच्या मळ्यातल्या पेरूचं ते कलम. मळा केव्हाच गेला, तिथं आता सात मजली इमारत आहे. मळ्यातलं म्हणावं असं जगात हे एकच झाड उरलं होतं. माझे सासरे, आण्णा, ऐंशीच्या घरातले. दर हिवाळ्यात एकदा येतात, झाडाखाली खुर्ची टाकतात, आपल्या हातानं पेरू तोडून खातात आणि थोडा वेळ कुणाशीच बोलत नाहीत. त्या गुरुवारी ते यायचे होते. बायको त्यांना आणायला दिघीला निघाली.

“गेटावर आलेली तेवढी एक फांदी काढा,” ती म्हणाली. “बाकी झाडाला हात लावायचा नाही. आण्णांसाठी पेरू ठेवलेत वर.”

“अगं, मला काय कळत नाही का?”

“म्हणूनच सांगतेय!”

तिची रिक्षा वळली आणि मी घाडगेला फोन लावला. घाडगे आमच्याच कंपनीत प्रॉडक्शनला, मूळचा लातूरचा. मी रोज ज्याचे पार्ट नापास करतो, तो हाच. तरी बिचारा करवत घेऊन पंधरा मिनिटांत हजर! (आता वाटतं, सूड घ्यायलाच आला असेल.)

गेटावरची फांदी दहा मिनिटांत खाली आली. गेट सताड उघडलं. मी तिथंच थांबलो असतो तर आज तुम्हाला वाचायला काही नसतं. पण मी चार पावलं मागं गेलो आणि एक डोळा मिटून झाड बघितलं.

“घाडगे, उजवी बाजू जड वाटते रे.”

“काय मोजायलाव भाऊ, झाड हाय ते!”

“टेप धर.”

डावीकडं एक मीटर दहा. उजवीकडं एक मीटर पंचेचाळीस. पस्तीस सेंटिमीटरचा फरक! अहो, पस्तीस मायक्रॉनसाठी मी अख्खा लॉट अडवून धरलेला माणूस! “काप उजवी,” मी म्हणालो. घाडगेनं कापली. पण प्रॉडक्शनचा माणूस तो, हात सुटला की सुटला. उजवी झाली ऐंशी.

“अरे, जास्त गेली ना!”

“मग डावी घिऊ का जराशी?”

“घे. पण ऐंशीच. प्लस-मायनस पाच मिलिमीटर!”

डावी झाली बहात्तर. मग उजवी सत्तर. मग पुढची, मग मागची. प्रत्येक वेळी मी टेप लावायचो, मान हलवायचो आणि मोठ्या रुबाबात म्हणायचो, “रिवर्क!” दोनच्या सुमाराला चारी बाजूंना वीत-वीतभर खुंट उरले होते. एकदम सारखे! मला तर भरून आलं.

उरली मधली उभी फांदी. आण्णांचे पेरू तिच्यावरच होते, म्हणून तिला मी हात लावणार नव्हतोच. फक्त ओळंबा लावून बघितला. कललेली होती! कापायची नाही, पण वळण तर लावता येतं? खिडकीच्या गजाला दोर बांधला.

“ओढ घाडगे. अजून. अजून थोडं…”

“भाऊ, आवाज येलाय.”

“झाडं बोलतात, ओढ तू!”

काड्कन आवाज झाला आणि फांदी पेरूंसकट आमच्या दोघांच्या अंगावर आली.

बराच वेळ आम्ही पाला झटकत बसलो. मग घाडगे म्हणाला, “बुंधा मात्र एकदम सरळ हाय बघा.” पाच वाजता आण्णा येणार होते. तेव्हा घाडगेनं तोडगा काढला आणि मला तो पटला, यावरूनच माझी अवस्था ओळखा. आम्ही पडलेले आठ पेरू दोऱ्यानं त्या खुंटांना बांधले. (दर खुंटाला दोन. मधलं अंतर सारखं.)

रिक्षा आली. बायको उतरली. “झाड कुठाय?” एवढंच ती म्हणाली आणि पायरीवर बसून चक्क रडायला लागली. घाडगे कधी पसार झाला ते मला कळलंसुद्धा नाही.

आण्णा काठी टेकत बुंध्याजवळ आले. त्यांनी खुंटांवरून हात फिरवला. एक पेरू तोडला, त्याच्यासोबत दोरा आला. त्यांनी तो शांतपणे सोडवला, पेरू धोतराला पुसला आणि उभ्यानंच खाल्ला. खरं सांगतो, त्या वेळी मला इतकी लाज वाटली की त्या कमरेएवढ्या झाडामागं लपता आलं असतं तर लपलो असतो.

“रडू नगंस गं,” आण्णा शेवटी म्हणाले. “पेरू लई चिवट. ह्यो फुटंल परत.” मग त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. “जावयाचं मातर काय सांगता येत न्हाई.”

इतक्या झटपट कुणी कुणाला नापास केलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

झाड खरंच फुटलं. यंदा पेरूही लागले, आण्णांनी खुर्ची टाकून खाल्ले. छाटणी आता आण्णा बसून सांगतात आणि बायको करते. माझी टेप तिनं कपाटात कुलपात ठेवलीय आणि छाटणीच्या दिवशी मला गेटाबाहेर उभं करतात. झाड डावीकडं वाढलंय जरा जास्त. मी काही बोलत नाही. मोजायची सवय आता मी सोडली आहे. (दीड वीत. बायको भाजी आणायला गेली होती तेव्हा बघून घेतलं.)