उद्घाटनाआधी आजारी पडू नये

आमच्या हॉस्पिटलात औषधं संपतात, सलाइन संपतात, नातेवाइकांचा धीर तर रोजच संपतो. पण किस्से काही संपत नाहीत. एक सांगून होईपर्यंत दुसरा व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसलेला असतो!

धाराशिवच्या या लहान मुलांच्या हॉस्पिटलात मी भूल देते. मुलं झोपतात आणि मी जागी राहते, त्यामुळे सगळं मलाच दिसतं.

हॉस्पिटलचे मालक म्हणजे आमचे मोठे सर. माणूस हुशार, निदान पक्कं. फक्त दोन नाद वाईट. एक बोर्ड लावायचा, दुसरा फीत कापायचा!

*

गेटवरची पाटी वाचाल तर घाबराल. बाल हृदयरोग विभाग, बाल मूत्ररोग विभाग, बाल मेंदूविकार विभाग, बाल अस्थिरोग विभाग... वाचता वाचता लेकराला आणखी दोन आजार आहेत की काय असं वाटायला लागतं.

प्रत्यक्षात हे सगळे विभाग एकाच खोलीत राहतात. सोलापूरहून ज्या दिवशी जे डॉक्टर येतील, त्या दिवशी त्यांचा बोर्ड दारावर चढतो. बाकीचे बोर्ड जिन्याखाली, पोछ्याच्या बादलीशेजारी. बोर्ड बदलायचं काम वॉचमन शेखचाचांचं.

एका सोमवारी उमरग्याहून एक बाप आला. मुलाला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. दारावर मूत्ररोगाचा बोर्ड बघून तो गोंधळला.

"चाचा, हितं हृदय विभाग होता न्हवं?"

चाचा खुर्चीतून न उठता म्हणाले, "दिल कल था. आज किडनी है. दिल होना तो अगले महिने आव!"

*

सरांचा दुसरा नाद तर विचारूच नका. वॉटर कूलर आला, नारळ फोडला. लिफ्ट दुरुस्त झाली, पुन्हा नारळ. लिफ्ट पुन्हा बिघडली तेव्हा मी म्हटलं, "सर, समारोपाचा कार्यक्रम करू या का?" दोन दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत.

मग दम्याच्या मुलांसाठी 'बाल श्वसन उपचार प्रकल्प' सुरू झाला. प्रकल्प म्हणजे वाफ देण्याची दोन मशीन. त्यांना झेंडूचे हार घातले, अगरबत्ती लावली, नगरसेवक आले. पहिला लाभार्थी म्हणून दम्याचंच एक पोर मशीनसमोर बसवलं.

झेंडू आणि अगरबत्तीनं व्हायचं तेच झालं. पोराला शिंका सुरू झाल्या, छाती घरघरू लागली. आईनं हार ओढून काढला आणि मास्क स्वतःच पोराच्या तोंडाला लावला. पाच मिनिटांत पोर शांत झालं.

सर माइकवर म्हणाले, "बघा! प्रकल्पाचा गुण पहिल्याच दिवशी!"

*

मागच्या वर्षी सरांनी कुठल्या तरी कॉन्फरन्समध्ये ऐकलं की हॉस्पिटल बालस्नेही पाहिजे, भिंतींवर चित्रं पाहिजेत. झालं! टेम्पोच्या मागे निसर्गचित्रं काढणारा एक पेंटर धरून आणला. त्याला सांगितलं, ससा काढ, डॉक्टरचा ड्रेस घातलेला.

पेंटरनं मन लावून काढला. ससा माणसाहून उंच, डोळे लालभडक आणि हातात कोपरापर्यंत येईल एवढी सुई. जिथं मुलं आधी फक्त सुईला भीत होती, तिथं आता सुईला आणि सशालाही भ्यायला लागली.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हा ससा पाहून एक चार वर्षांची पोर आजोबांच्या धोतरामागे लपली आणि तिनं विचारलं, "आज्जा, ह्यो चावतो का वो?"

ही आरोही. येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरची. तिच्या जांघेत हर्निया होता. खोकली, रडली की फुगवटा यायचा. आजोबा बिरूआण्णा मेंढरं राखतात. त्यांनी सशाकडे नीट बघून घेतलं आणि नातीला सांगितलं, "न्हाय गं. लई खाऊन सुस्तावलाय त्यो."

*

आरोहीचं ऑपरेशन तसं अवघड नव्हतं. सोलापूरचे सर्जन दर रविवारी येतात, मी तर इथंच असते. अडचण एकच. जुनं थिएटर पाडलं होतं, नवं तयार होतं, पण त्याचं उद्घाटन व्हायचं होतं! त्यासाठी सरांना एक मोठे साहेब हवे होते आणि साहेबांची तारीख मिळत नव्हती.

आण्णा दर रविवारी एस.टी.नं नातीला घेऊन यायचे. सर म्हणायचे, "पुढच्या रविवारी नक्की."

मी सरांना सांगितलं, आतडं अडकलं तर पोरीच्या जिवावर बेतेल. सर्जननीही सांगितलं. मी तर दुसरीकडे पाठवू या असंही म्हटलं. सर म्हणाले, "नव्या थिएटरातलं पहिलं ऑपरेशन आपल्याच पेशंटचं झालं पाहिजे ना, मॅडम!"

एकदा आण्णांनीच सरांना विचारलं, "डाक्टरसाहेब, मेंढी अडली तर आमी कुणाची वाट बघत न्हाय. तुमच्यात बघत्यात व्हय?"

सरांना त्याच क्षणी महत्त्वाचा फोन आला. फोन वाजलेला मात्र मी ऐकला नाही.

*

अखेर साहेबांची तारीख मिळाली. रविवारी सकाळी मांडव, सनई, दारावर लाल सॅटिनची रुंद फीत. सर नव्या जाकिटात. आणि त्याच सकाळी आण्णा आरोहीला कडेवर घेऊन धावत आले.

पोरगी उलट्या करत होती. फुगवटा दगडासारखा टणक, आत जाईना. सर्जननी हात लावला आणि म्हणाले, "आत्ताच घ्यायचं."

सलाइन लावली, ट्रॉली दारापर्यंत नेली आणि समोर फीत!

सर्जन ओरडले, "सर, कापा ती!"

"अहो, साहेबांची गाडी बायपास रोडला आलीय! वाकून जा ना!"

मला असा संताप आला की काय सांगू. पण भांडत बसायला वेळ नव्हता. ट्रॉली फितीखालून जाईना. मी पोरीला उचललं, सिस्टरनं सलाइनची बाटली हातात धरली, सर्जन पुढे, आम्ही मागे, सगळे वाकून आत. सरांनी स्वतः दोन बोटांनी फीत वर धरली होती. "सांभाळून, ताणू नका!"

आण्णा सशाखाली भिंतीला टेकून बसले. दार लागताना ते दिसले. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

आतडं काळपट पडलं होतं. गरम पाण्यात भिजवलेल्या कपड्यात धरून आम्ही तिघं श्वास रोखून बघत राहिलो. हळूहळू ते गुलाबी झालं. मास्कच्या आत मी रडले, हे कुणाला दिसलं नाही, बरं झालं.

आरोही जागी झाल्यावर मी आतल्या ट्रॉलीवरून तिला बाहेर आणलं. दार उघडलं तर फीत तशीच! पलीकडे साहेब, तबकात कात्री, फोटोग्राफर, आणि सरांचं भाषण चालू. सरांनी मला हातानंच खूण केली: थांबा, दोनच मिनिटं.

ट्रॉली थांबली. पोर कण्हली, "आज्जा..."

बिरूआण्णा उठले. घाई नाही, आरडाओरडा नाही. दाराच्या चौकटीतल्या कडीला बांधलेल्या फितीची गाठ त्यांनी सोडली, मग दुसऱ्या बाजूची सोडली. फीत बोटांवर नीट गुंडाळत म्हणाले, "चांगली रिबीन हाय. कापून कशाला नास करायचा? पोरीच्या येणीला हुईल."

गुंडाळी त्यांनी नातीच्या उशाशी ठेवली.

"सरका साहेब, गाडी येऊ द्या."

साहेब कात्री हातात घेऊन सरकले.

आठवड्यानं आरोही टाके दाखवायला आली. दोन वेण्या, दोन्हींवर लाल सॅटिनची भलीमोठी फुलं. सर राउंडला निघाले होते. त्यांनी कौतुकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अरे वा! किती छान रिबीन! कुठून आणली गं?"

"हितनंच की!"