अण्णांचं अनुमोदन

ठराव मांडल्याशिवाय, त्याला अनुमोदन मिळाल्याशिवाय आणि हात वर करून मतदान झाल्याशिवाय आमचे घरमालक अण्णा शिंकत असतील, यावर माझा विश्वास नाही. मूळचे निपाणीचे, पण सारी हयात बेंगळुरूच्या एका यंत्रांच्या कारखान्यात गेली आणि त्यातली बरीचशी युनियनचे सेक्रेटरी म्हणून. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सेक्रेटरीपण सुटलं नाही. जे. पी. नगरमधल्या स्वतःच्या घराच्या फाटकाशी ते रोज सकाळी गेट मीटिंग घेत. श्रोत्यांत दूधवाला, समोरच्यांचं कुत्रं आणि ऑफिसला उशीर झालेला मी. वरच्या मजल्यावर राहायला गेलो त्या दिवशी भाड्याचं बोलण्याआधी अण्णांनी विचारलं, "पुणेकर, तुमच्या ऑफिसात युनियन आहे का हो?" नाही म्हटल्यावर त्यांनी आत वळून पत्नीला हाक मारली, "अगं, स्वल्प चहा टाक की. अनाथ पोरगं आलंय." त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणायची. न्याहारीला उपीट की पोहे हेही त्या घरात मतदानानं ठरे. अक्का प्रत्येक ठरावाच्या विरोधात. "अक्कांचा विरोध नोंदवला," असं अण्णा गंभीरपणे जाहीर करत आणि अक्कांना जे करायचं तेच ताटात येई, कारण स्वयंपाक त्या करत.

पॅलेस्टाइनमधल्या कामगार संघटनांनी जगभरच्या युनियनना त्यांची जमीन बळकावणाऱ्यांशी धंदा करणाऱ्या कंपन्यांवर बहिष्काराची हाक दिली आहे, हे अण्णांना जुन्या सोबत्यांच्या बैठकीत कळलं आणि त्याच दिवशी त्यांनी अशाच एका कंपनीचं आपलं आवडतं थंड पेय सोडलं. जेवणानंतर त्या पेयाचा ढेकर आल्याशिवाय ज्यांची दुपार सुरू होत नसे, त्या माणसानं हे केलं. पण गुपचूप सोडणं म्हणजे बहिष्कार नव्हे, असं त्यांचं मत. म्हणून ते आठवड्यातून एकदा जयनगरच्या नेहमीच्या दुकानात जात, गार बाटली मागून घेत, हातात धरून क्षणभर तिच्याकडे प्रेमानं बघत आणि "बेडा", नको, म्हणून परत देत. पुढं पुढं दुकानदारच त्यांना लांबून बघून बाटली काढून ठेवू लागला. "अण्णा, बहिष्कार?" तो अदबीनं विचारी. "सरी," असा होकार देऊन अण्णा तो उरकून घेत आणि तिथंच उभ्यानं ताक पीत.

मी एकदा त्यांना डिवचलं, "अण्णा, तुमच्या एका बाटलीनं तिथं काय फरक पडणार?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्या कारखान्याला मालकानं टाळं ठोकलं तेव्हा कुठल्या तरी लांबच्या बंदरातल्या गोदी कामगारांनी आमच्या मालकाची यंत्रं बोटीतून उतरवायचं नाकारलं. त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं, पुणेकर. त्यांच्या भाषेत आभार मानायचे कसे, ते मला ठाऊक नव्हतं. इथं चूल थंड होती तेव्हा ती बातमी आली. फरक पडला की नाही, ते हिला विचारा." अक्का शेजारी शेंगा निवडत होत्या. त्या दिवशी त्यांनी विरोध नोंदवला नाही.

मग गणपती आले. आमच्या वसाहतीच्या उत्सवाला नेमका त्याच थंड पेयाच्या विक्रेत्यानं पैसा दिला आणि बागेतल्या मांडवासमोर त्याचा स्टॉल लागणार असं ठरलं. अण्णा म्हणाले, मी समोर फलक घेऊन उभा राहीन. कुणाला अडवणार नाही, पण मी का पीत नाही ते सांगायचा मला हक्क आहे. उत्सव मंडळाचे अध्यक्ष हबकले. त्यांनी सभा बोलावून ठराव मांडला की बागेत कुणी फलक धरू नये, धरल्यास त्याला मंडळातून काढावं. मंडळ अण्णांनीच उभं केलेलं. मांडवाचा पहिला बांबू दरवर्षी तेच रोवायचे. त्यामुळे ठरावाला अनुमोदन द्यायला कुणी पुढं येईना. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. विषय तिथंच संपला होता. अध्यक्षांना ते कळलं नव्हतं, पण अण्णांना कळलं होतं आणि तेच त्यांना सहन होईना. ते उठले. "अनुमोदनाशिवाय ठराव पडतो. असा मुकाट पडलेला ठराव मला नको. चर्चा झाली पाहिजे. माझं अनुमोदन."

चर्चा झाली. अण्णा छान बोलले. मग मतदान झालं, विक्रेत्याच्या पैशाकडं बघून हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. मी विरोधात हात वर केला. अक्कांनी नेहमीप्रमाणे विरोध केला. "अक्कांचा विरोध नोंदवून घ्या," एवढंच अण्णा म्हणाले. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

पहिल्या आरतीच्या संध्याकाळी स्टॉलसमोर अण्णा उभे. दोन्ही हात छातीपुढं, फलक धरावा तसे. हातांत काहीही नाही. अध्यक्ष धावत आले, त्यांनी अण्णांना पुढून बघितलं, मागून बघितलं. "अण्णा, हे काय?" "ठराव पाळतोय." लोक जवळ येऊन विचारायचे, अण्णा, काय लिहिलंय? "तिथल्या कामगारांसाठी मी हे पीत नाही. तुमचं तुम्ही ठरवा." काही जण पीत होते, काही जण बाटली परत ठेवत होते. आरती लांबली आणि अण्णांचा एक हात हळूहळू खाली येऊ लागला, तो ते पुन्हा पुन्हा वर घेत. तेव्हा अक्का बायकांच्या रांगेतून निघाल्या, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अहो, एक बाजू खाली आलीय," म्हणत त्यांनी त्या नसलेल्या फलकाचं एक टोक धरलं. मग समोर बघत म्हणाल्या, "ठराव मांडते. मी इथंच थांबणार." इतक्या वर्षांत अक्कांनी मांडलेला तो पहिला ठराव. अण्णांना वर करायला हात मोकळा नव्हता. म्हणून अनुमोदन मी दिलं.

आता मी ऑफिसजवळ, मारतहळ्ळीला राहतो. सकाळी फाटकाशी कुणी थांबवत नाही. ऑफिसात वेळेवर पोचतो, आणि मला करमत नाही.