आत्याचा फॉर्म मी मोडला

मुलांनो, तुमच्या आत्याला वेबसाइटचा नवा फॉर्म तपासायचा होता. मागचा साहेबांसमोरच बंद पडला होता, म्हणून ती धास्तावली होती. तपासणीसाठी खोटी माणसं, नावपत्त्यांसकट, बनवून देणाऱ्या दोन लायब्रऱ्यांतून (पुस्तकांच्या नव्हे, कॉम्प्युटरमधल्या तयार प्रोग्रामच्या) तिला एक निवडायची होती. पहिलीची माणसं परदेशी, दुसरीची आपल्याकडची. पण पत्ते सगळ्यांचेच माझ्या कपाटासारखे नीटनेटके. फॉर्मने सगळे मुकाट्याने घेतले.

"आपल्याकडे असा पत्ता कोण लिहितं? सरक, मी भरते," मी म्हणाले.

मी लिहिलं, "द्वारका चौकाकडून आलात तर पिठाच्या गिरणीसमोर. बेल बिघडली आहे, खालून हाक मारा. कुत्रा भुंकतो, पण चावत नाही."

फॉर्म बंद पडला.

"अगंबाई, मोडला की काय?"

"मोडलास, आई! साहेबांच्या आधी मोडलास!" तिने मला मिठीच मारली.

तिने दुसरी लायब्ररी घेतली, जोडीला माझ्याकडून असे वीस पत्ते लिहून घेतले आणि फॉर्म दुरुस्त केला. संध्याकाळी साहेबांनी स्वतः भरून पाहिला. पत्त्यात त्यांनी लिहिलं, "चौकातल्या टपरीवर विचारा, कोणीही सांगेल." फॉर्म हूं की चूं न करता चालला.