अक्काच्या लेकीला विज्ञान दाखवायला नेलं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.एस्सी., सेकंड क्लास. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या कचेरीत जागा भरल्या, त्यातली एक मला मिळाली. आधी टेबल आलं, खुर्ची महिन्यानं आली. तेव्हाच दुष्काळही होता. गल्लीत टँकर यायचा, कधी सकाळी, कधी भर दुपारी, आणि आम्ही घागरी लावून त्याची वाट बघायचो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला जळकोटकडच्या एका खेड्यात दिलेली. तिची लेक चौथी पास झाली आणि गावातली शाळा तिथंच संपली. मी म्हटलं, पाचवीला लातूरला माझ्याकडं ठेव. दाजींनी अंग काढून घेतलं, "तुमी दोघी बहिणी ठरवा." अक्का हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. मे महिन्यात लेकीला घेऊन आठ दिवस माझ्याकडं राहिली, तरी उत्तर नाही.

मला वाटलं, पोरीला असं काहीतरी दाखवावं की ती स्वतःच आईच्या मागं लागेल. लातुरात तेव्हा जिल्ह्याच्या पाट्या नव्याकोऱ्या होत्या, पण लेकरांना दाखवावं असं काही नव्हतं. नांदेडला एका शाळेनं दोन खोल्यांत मुलांसाठी विज्ञान संग्रहालय मांडलं होतं, सुट्टीत उघडं असायचं. अक्का नांदेडहूनच उदगीरच्या गाडीनं गावी परतणार होती. पोरगी तिच्यासोबत जाणार की माझ्यासोबत परत येणार, ते तेवढं ठरायचं होतं.

माझा पाच वर्षांचा मुलगा धरून आम्ही चौघं पहिल्या एसटीनं निघालो. लोहा येईपर्यंत पत्रा तापून तव्यासारखा झाला.

"एवढ्या लांब कायला गं?" अक्का म्हणाली. "तुझं इज्ञान लातूरला येत न्हाई का?"

"येईल की. जिल्हा आत्ता तर झालाय."

"पानी बी तसंच येईल म्हणा."

संग्रहालय एक निवृत्त गुरुजी सांभाळायचे. पहिल्याच खोलीत हाडांचा सापळा उभा होता. माझा मुलगा माझ्या पदरात शिरला. अक्कानं गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं आणि गुरुजींना विचारलं, "ही बाई हाय का बाप्या?"

गुरुजी माझ्याकडं बघायला लागले, कारण आल्याआल्याच मी त्यांना माझी बी.एस्सी. सांगून ठेवली होती. मी खालीवर बघितलं. मला सांगता येईना.

"बाप्याच असंल," अक्का म्हणाली. "नुसता उभारलाय."

गुरुजी पोट धरून हसले. मला मात्र ते लागलं. त्यामुळं दुसऱ्या खोलीत मी जरा जास्तच बोलायला लागले. चुंबक समजावला, तरफ समजावली. शेवटी धरणाचा नमुना होता. वर टाकी, तिला नळ, नळाच्या धारेखाली पत्र्याचं चाक. चाक फिरलं की लहानसा दिवा लागायचा. पाणी खालच्या हौदात पडायचं आणि मोटार ते परत वर चढवायची. दहा-बारा लेकरं भोवती जमली होती. मी मोठ्या आवाजात सगळ्यांनाच सांगायला लागले.

आणि दिवा विझला. मोटार घरघरली, वरची टाकी भरून पाणी काठावरून सांडायला लागलं. गुरुजी धावले, बटण बंद केलं. "नळ कुणी बंद केला?"

अक्काच्या लेकीचा हात अजून नळावरच होता.

"अगं, कामून बंद केलीस?" मी ओरडले. "कळत न्हाई का? काय गावंढळासारखं करतीस!"

कॉलेजच्या पहिल्या वर्षी हाच शब्द मला प्रयोगशाळेत ऐकावा लागला होता. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते. आता तो माझ्याच तोंडून निघाला, तोही सगळ्या लेकरांसमोर.

पोरगी खालमानेनं म्हणाली, "तूच म्हणलीस ना मावशी, धार चालू दिसली की आधी नळ बंद करायचा. आठ दिस मी तेच करायलेय."

खरं होतं. आमच्या अंगणातल्या पिपाला नळ होता. त्याच्यावरून मी तिला आल्या दिवशीच दम दिला होता.

गुरुजी म्हणाले, "बाई, रागावू नका. हौद मी रोज घरून दोन डबे आणून भरतो. आजपर्यंत एकाही लेकरानं ही धार थांबवली नव्हती." मग त्यांनी तिलाच बटण दाबायला लावलं. चाक फिरलं, दिवा लागला. ती बघत राहिली, पण हात मागं बांधून.

स्टँडवर आलो, लेकरांना उसाचा रस घेऊन दिला, तेव्हा अक्का म्हणाली,

"खरं सांग. तुझ्याकडं ऱ्हायली तर टँकरला कोण उभारणार?"

मी लगेच "मी" म्हणायला हवं होतं. पण कामावरून यायला नवऱ्याला आणि मला सहा वाजायचे, टँकर कधीही यायचा, आणि घरात दोन हात वाढतील हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. तिच्या शिक्षणाच्या विचाराआधी नाही, पण आला होता. अक्कानं तो ओळखला होता. इतके दिवस ती हो म्हणत नव्हती ते यामुळं.

"आला होता मनात," मी म्हटलं. "आता न्हाई."

"आन मघाशी जे बोललीस ते?"

"चुकलं माझं."

"मला कामून सांगतीस? तिला सांग."

मी पोरीकडं वळून सांगितलं. घरात पहिली शिकलेली म्हणून कुणापुढं चुकलं म्हणायची सवय राहिली नव्हती. जड गेलं. पोरगी लाजून आईच्या मागं गेली.

उदगीरची गाडी लागली. अक्का म्हणाली, "आज न्हाई धाडत. साळा उघडायच्या आधी तू गावाला ये. चार दिस ऱ्हा, आमच्यासंगं पानी भर. मग बघू." आणि लेकीला घेऊन चढली. माझा मुलगा रडत राहिला, त्याला ताईशेजारी खिडकीत बसायचं होतं.

जूनमध्ये शाळा उघडायला चार दिवस उरले तशी मी रजा टाकून गेले. विहीर गावापासून बरीच लांब, रस्ता मुरमाचा. पहिल्या दिवशी अर्धी घागर वाटेतच सांडली. बाया हसल्या, "सायबीन, हळू." तिसऱ्या दिवशी मान वळेना. माझ्या पुढं ती दहा वर्षांची पोरगी डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन चालायची, आणि मी थांबले की थांबायची. त्या चार दिवसांत मी तिला शाळेबद्दल एक शब्द बोलले नाही. बोलायला दम उरत नव्हता.

पाचव्या दिवशी अक्कानं अंधार असतानाच चूल पेटवली. लेकीच्या केसांना तेल लावलं, दोन वेण्या घातल्या, चार भाकरी बांधल्या आणि मला म्हणाली, "दाखला घे साळंतून. मास्तर आठला येतेत."