नाकाला नाक लावणारे मनोरे

शिहाताने किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि नव्व्याण्णव मजल्यांची माती केली.

दुबईत ऑगस्टमध्ये शुक्रवारच्या नमाजाला उतरताना गाडी चालूच ठेवायची, म्हणजे आतला गारवा टिकतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण शिहाता पडला इजिप्तमधल्या दुम्यात गावचा. दुम्यातकरांच्या चिक्कूपणाच्या विनोदांवर अख्खा इजिप्त पोसलेला आहे. पेट्रोल जवळजवळ फुकट असलेल्या मुलखातही त्याचा हात किल्लीकडे गेला तो रक्तातल्या खोडीने. त्यात त्या दिवशी इमामसाहेब रंगात आले आणि प्रवचन लांबलं. तो परत येऊन दार उघडतो, तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. उंच टपाच्या त्या गाडीत मागे उभं केलेलं पुरुषभर उंचीचं पांढरं प्लास्टिकचं मॉडेल कमरेच्या वर वाकून खिडकीबाहेर बघत होतं.

हे मॉडेल म्हणजे ‘शांततेची सुई’. नाव ठेवलं होतं बैरूतच्या घस्सानसाहेबांनी. घस्सान म्हणजे शिहाताचा मालक, वास्तुरचनाकार, आणि त्याच्याच शब्दांत द्रष्टा. ऐन उन्हाळ्यातही तो गळ्यापर्यंत काळे कपडे घालायचा आणि इमारतीला इमारत म्हणायचा नाही, ‘विधान’ म्हणायचा. त्याने आजवर बरीच विधानं केली होती. स्वतःभोवती फिरणारा मनोरा. दर मजल्यावर जंगल असलेला मनोरा. सावलीच न पडणारा मनोरा. एकदा तर मधले तीस मजलेच नसलेला मनोरा केला होता. वरचे कशावर उभे राहणार असं शिहाताने विचारलं, तेव्हा घस्सान म्हणाला होता की हाच तर प्रश्न आहे.

ही सगळी विधानं प्लास्टिकमध्ये उभी करायचं काम शिहाताचं. हात सोन्याचा. इवल्याइवल्या खिडक्या, त्यांच्यामागे दिवे, खाली नखाएवढ्या गाड्या. शेख मंडळी यायची, वाकून बघायची, ‘माशाल्ला’ म्हणायची आणि ‘बघू’ म्हणून निघून जायची. बारा-चौदा वर्षांत त्याने निम्मं शहर बांधलं होतं, पण त्यातलं एकही उन्हात उभं राहिलं नव्हतं.

हे त्याला एरवी खुपलं नसतं. खुपायचं ते सासऱ्यामुळे. हाज मितवल्ली दुम्यातचे नावाजलेले सुतार. त्यांच्या हातची कपाटं तीन पिढ्या टिकायची, आणि जीभही त्याच लाकडाची होती. शिहाता दर सुट्टीला बायकोला घेऊन गावी गेला की भरल्या ताटावर ते मुलीला विचारायचे, “इनशिराह, तुझ्या नवऱ्याने यंदा तरी काही बांधलं का गं, की अजून बाहुलीची घरंच चाललीत?” इनशिराह खाली बघायची. शिहाताला बाकी काही नको होतं. एक, फक्त एक इमारत उभी राहावी, आणि म्हाताऱ्याला हाताला धरून तिच्या दारात नेऊन उभं करावं.

आणि त्यातल्या त्यात आशेची सुई आता गाडीत वाकून बसली होती.

मागे फिरायला वेळ नव्हता. जागेचे मालक बू राशिद, म्हणजे राशिदचे वडील, जेवण आटोपून मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, वाट बघत होते. शिहाताने मॉडेल चादरीखाली झाकून आत नेलं आणि मनातल्या मनात गावी परतायच्या विमानात जाऊन बसला. घस्सानने शांततेवर भाषण केलं, ‘सरळ रेषेचं धैर्य’ असं काहीतरी म्हणाला, आणि झटक्यात चादर ओढली.

मजलिसमध्ये खरोखरच शांतता पसरली.

घस्सानचा चेहरा आधी कपड्यांच्या रंगाचा झाला, मग प्लास्टिकच्या. पण द्रष्टा माणूस तो, आवंढा गिळेपर्यंत नवं विधान तयार. सरळ मनोरे आता जुने झाले, हा नम्र मनोरा आहे, वाळवंटातला खजूर जसा वाऱ्यापुढे, वगैरे वगैरे.

बू राशिद उठले. कॉफीची वाटी हातात घेऊनच त्यांनी टेबलाला एक फेरी मारली आणि मनोऱ्याच्या नाकासमोर थांबले. समोर मॉडेलच्या तळावर रस्त्यापलीकडचा रिकामा भूखंड दाखवला होता. तो भूखंड त्यांच्या चुलतभावाचा, उबैदचा. शर्यतीच्या एका उंटावरून दोघांची बोलाचाल बंद झाली होती. उंट मरूनही बरीच वर्षं झाली होती, पण अबोला अजून ठणठणीत होता.

“हा कुणापुढे वाकलाय?” बू राशिदांनी विचारलं.

“मानवतेपुढे,” घस्सान म्हणाला.

“मानवता रस्त्याच्या त्या बाजूला कधीपासून राहायला आली? ती जागा उबैदची आहे.”

घस्सानची विधानं संपली. आता आपली नोकरी गेली हे शिहाताला स्वच्छ दिसलं आणि भीतीनेच त्याचं तोंड उघडलं. “वाकला नाहीये, बू राशिद. सलाम करतोय. भांडलेल्या दोघांत जो आधी सलाम करतो तो मोठा, असं आपल्याकडे म्हणतात ना?”

कोपऱ्यातले दोन म्हातारे एकदम ‘खरंय, खरंय’ म्हणून पुटपुटले. बू राशिदांनी मान वर करून मनोऱ्याकडे पुन्हा पाहिलं. उबैदपेक्षा मोठं होण्याची इतकी उंच संधी त्यांना कुणी दिली नव्हती. मग त्यांनी पुरे झालं म्हणून वाटी हलवली आणि म्हणाले, “बांधा.”

बघू नव्हे. बांधा.

शिहाताने बाहेर येऊन पहिला फोन दुम्यातला लावला. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सरळ आहे ना?”

“जरासा वाकलाय.”

“मग तूच केलेला असणार,” म्हातारा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पण इनशिराहने नंतर गावाकडून आलेली खबर सांगितली की त्या संध्याकाळी चहाच्या दुकानात हाज मितवल्ली ‘आमच्या जावयाचा मनोरा’ असं दोनदा म्हणाले होते.

बातमी उबैदपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कुणी सलाम केला तर त्याहून सरस उत्तर द्यावं, ही तिथली शिकवण. उबैद घस्सानच्या दारात हजर झाला: मलाही मनोरा हवा, राशिदच्या बापाच्या मनोऱ्यासमोर, आणि त्याच्याहून जास्त वाकलेला. घस्सानला आभाळ ठेंगणं झालं. तोवर त्याने परदेशी मासिकात ‘वाकण्याचं तत्त्वज्ञान’ असा लेखही छापून आणला होता. त्यात सूर्य होता, वारा होता, पूर्वज होते. गाडी तेवढी नव्हती.

पुढचे शुक्रवार शिहाताचे असे गेले: सरळ मनोरा करायचा, गाडीत उभा करायचा, गाडी उन्हात लावायची, नमाज पढायचा, परत येऊन बघायचं. एक मनोरा पार बसकण मारून बसला. एकाने मान टाकली. एक उलट दिशेला कलंडला. तो उबैदला दाखवला असता तर उंटाच्या वेळेपेक्षा मोठं भांडण झालं असतं. शेवटी एक जमला. दोन्ही मॉडेलं समोरासमोर ठेवली, तर वरच्या टोकाला दोघांची डोकी एकमेकांवर आदळत होती.

घस्सान म्हणाला, वा, हीच तर परंपरा. इथली माणसं भेटल्यावर नाकाला नाक लावतात, मनोऱ्यांनीही लावावं. नाकात उपाहारगृह काढू. दोन्ही भावांना कल्पना एकदम पसंत पडली, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खाऊ लागलं. कारण नाक लावायचं म्हटलं, की कुणी कुणाकडे जायचं हा प्रश्न येतो. धाकट्याने थोरल्याकडे जायचं. थोरलं कोण? दोघं एकाच उन्हाळ्यात जन्मलेले, जन्माची नोंद त्या काळी ठेवतो कोण? एकाची आई म्हणायची हा मोती काढायच्या बोटी निघाल्या तेव्हाचा, दुसऱ्याची म्हणायची तो बोटी निघायच्या आधीचा. वकील दोन म्हाताऱ्यांची साक्ष काढून आले, तर दोघांनी तिसराच मुहूर्त सांगितला. इकडे एकाचं नाक वीतभर वर गेलं, की दुसरा दोन मजले वाढवायला सांगायचा. शिहाता मॉडेलच्या माना कापून कापून जोडत राहिला.

एकदा त्याने धीर करून बू राशिदांना विचारलं, “नाकाचं नंतर बघू, पाया तरी खणायला घेऊ या का?”

“उस्ता,” बू राशिद कारागिराला हाक मारतात तशी हाक मारून समजावत म्हणाले, “पाया कुणाला दिसतो?”

नाकांची मापं चालू असतानाच बँकांनी हात वर केले. शहरभर आधी बांधकामांवरचे भोंगे थांबले, मग क्रेन, मग लोक. घस्सान ‘अपूर्णतेचं सौंदर्य’ या विषयावर भाषणं द्यायला दुसऱ्या देशात गेला. जाताना उबैदचं वाकलेलं मॉडेल सोबत नेलं. गाडीच्या भाड्यासाठी त्याने शिहाताकडे बघितलं, तेव्हा शिहाता खिडकीबाहेर बघत होता. भावांची बोलाचाल मात्र सुरू झाली. आता दोघं रोज फोनवर भांडतात.

आणि नेमके तेव्हाच हाज मितवल्ली लेकीला भेटायला आले.

शिहाता टाळत राहिला. आज धूळ आहे, आज गर्दी आहे. शेवटी म्हातारा स्वतःच चपला घालून दारात उभा राहिला. दोघं भूखंडावर पोचले. पत्र्याचं कुंपण होतं, त्यावर वाकलेल्या मनोऱ्याचं मोठं चित्र उन्हाने पिवळं पडलेलं, आणि आत वाळू. वाळूत एक लाकडी खोपटं. पहारेकरी तोरगुल त्यात राहायचा. त्याला उन्हात उघड्यावर बसलेलं बघून शिहातानेच ते मॉडेलच्या उरलेल्या फळ्यांचं ठोकून दिलं होतं, छोटी खिडकीसुद्धा केली होती. तोरगुलने ते कौतुकाने सांगून टाकलं.

म्हातारा पुढे झाला. त्याने दार उघडलं, मिटलं. कोपऱ्यातल्या जोडावर अंगठा फिरवला. भिंतीला खांदा लावून जोर दिला. मग आत जाऊन वाकून न बघता ताठ उभा राहिला.

“ही खिडकी जरा खाली हवी होती,” तो म्हणाला.

“हो,” शिहाता म्हणाला.

“बाकी ठीक आहे.”

इतकंच. पण गावी परतल्यावर म्हातारा काय म्हणाला ते इनशिराहच्या बहिणीने फोनवर कळवलं: जावयाने दुबईत एक बांधलंय, मी आत उभा राहून आलो.

भूखंडावरच्या त्या दुपारी तोरगुलने आपला एकुलता एक दुधाचा डबा फोडून दोघांना घट्ट चहा पाजला. स्वतः मात्र कोराच प्यायला. निघताना शिहाता त्याला म्हणाला होता, पुढच्या शुक्रवारी तुझा डबा आणून देतो.

बरेच शुक्रवार झाले. पण शिहाता पडला दुम्यातचा, डबा अजून द्यायचा आहे.